उरलेलं तेल

“समईतलं उरलेलं तेल मोरीत ओतायचं नाही, बाई. देवापुढचं आहे ते. दाराच्या बिजागरीला लाव, पाळण्याच्या कड्यांना लाव, पण कुठंतरी कारणी लाव.”

हे माझ्या सासूबाईंचे शब्द, मी लग्न होऊन नाशिकला आले त्या पहिल्या आठवड्यातले. त्या गेल्यावरही त्यांचा आवाज माझ्या पाठीशी असायचा आणि मला त्याचा आधार वाटायचा. चौदा वर्षांपूर्वीच्या त्या मंगळवारी मात्र तो कानात आला आणि मला त्याची भीती वाटली.

सकाळचे साडेनऊ झाले होते. मोकाशी साहेबांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं होतं. ते आमच्या कारखान्यात क्वालिटीचे प्रमुख. वय पस्तिशीचं, पण त्या वर्षभरात कानशिलं पांढरी झालेली. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं होतं आणि त्यांच्या हातातल्या चिमट्यात बांगडीएवढं काळं रबरी कडं होतं.

“आहिरेताई, हे बघा. हे नवं, आणि हे काल अडकलेल्या गाडीतनं काढलेलं.”

नवं कडं बारीक आणि कडक होतं. चिमट्यातलं रात्रभर भिजवलेल्या वालासारखं टम्म फुगलं होतं.

त्या कड्याचं काम मला ठाऊक होतं. ब्रेक जोडायच्या टेबलावर आम्ही सहा बायका आणि त्यांत मी सगळ्यात जुनी. पायाखालचा ब्रेक दाबला की चाकाजवळचा दट्ट्या पुढे सरकतो आणि पाय काढला की या कड्याच्या ओढीनं मागे येतो. कडं फुगलं तर दट्ट्या तिथंच रुतून बसतो. ब्रेक लागलेलाच राहतो, गाडी तशीच पळत राहते, चाक तापतं. फार तापलं की ज्याच्या दाबानं ब्रेक लागतो ते आतलं पाणी उकळतं, आणि मग पाय थेट तळापर्यंत दाबला तरी काही लागत नाही.

“रबरवाल्यानं माती खाल्ली,” साहेब म्हणाले. “त्याला बोलावून घेतो. तुम्ही फक्त सांगा, जोडताना काही वेगळं जाणवलं होतं का?”

मी कडं हातात घेतलं आणि सवयीनं नाकाशी नेलं. तिळाच्या तेलाचा वास, त्यात किंचित कापूर.

“नाही, साहेब,” मी म्हणाले.

मी खोटं बोलत नाही. सकाळी एकशे आठ वेळा नामजप झाल्याशिवाय घोटभर पाणी घेत नाही, मंगळवार निर्जळी करते, आणि कुणाला दुखवून दिवस उगवू नये म्हणून उजाडेपर्यंत मौन पाळते. ते दोन शब्द माझ्या तोंडून कसे गेले, मला कळलंच नाही.

आमची कंपनी लहान. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, दोन माणसांची ‘शलाका’ नावाची वेगवान गाडी आम्ही बनवत होतो. वर्तमानपत्रांतून तिचे लाल फोटो झळकले होते. पण पहिल्या गाड्यांनी आमचं नाक कापायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. एकीच्या दारातून पाणी आत यायचं, एकीची काच खाली गेली की वर यायला तयार नसे, एकीच्या डॅशबोर्डात कुणी शेंगदाणे ओतल्यासारखा खुळखुळाट. त्यातून मार्ग काढत काढत आम्ही दसऱ्यापर्यंत आलो होतो. आता दिवाळीला आठ दिवस होते आणि हे ब्रेकचं निघालं होतं.

साहेबांच्या खोलीतून मी तडक गाड्या बाहेर जातात त्या खिडकीशी गेले आणि रजिस्टर मागितलं. दसऱ्यानंतर आमच्या टेबलावरून सात गाड्यांचे ब्रेक गेले होते. एक गाडी चाचणीसाठी कारखान्यातच होती. तीच काल अडकली. सहा बाहेर. सहावी परवा रविवारी गेली होती: डॉ. पराग निरगुडे, दातांचे डॉक्टर, गंगापूर रोड.

त्या गाडीला मीच ओवाळलं होतं. मला देवाधर्माचं कळतं म्हणून साहेबांनी प्रत्येक नव्या गाडीच्या पूजेचं काम माझ्याकडे दिलेलं. डॉक्टरांची आई सोबत होती, हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्यांनी विचारलं होतं, “गाडी पहिल्यांदा कुठं न्यावी हो?” आणि मी अगदी हौसेनं सांगितलं होतं, “काकू, मंगळवारी वणीला न्या. देवीचा वार आहे.”

आज मंगळवार होता.

मी डॉक्टरांचा नंबर लावला. एकदा, दोनदा, पाचदा. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. दवाखान्यात लावला तर तिथली मुलगी म्हणाली, डॉक्टर आईंना घेऊन सकाळीच गडावर गेलेत. मी सहाही पत्ते कागदावर उतरवले. दोनदा चुकीच्या ओळीचा पत्ता लिहिला, तेव्हा खिडकीतल्या माणसानं साखर कमी झाली का म्हणून विचारलं.

कारखान्याच्या आवारात गायधनी कंपनीच्या जीपला टेकून चहा पीत होता. तो आमचा चाचणीचा ड्रायव्हर. पळसे गावचा माणूस, गाडीचा आवाज ऐकून तिचं दुखणं सांगायचा आणि देवाचं नाव फक्त माझी थट्टा करायला घ्यायचा.

“या महाराज,” तो म्हणाला. “आज काय, एकादशी का शिवरात्र? का दोन्ही एकदम?”

मी म्हटलं, भाऊ, मला सप्तशृंगीच्या घाटात ने. आत्ता.

तो हसला. कंपनीच्या डिझेलवर देवदर्शन म्हणजे पुण्य कुणाच्या खात्यावर जमा होणार, असं काहीतरी म्हणाला. मग त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं, उरलेला चहा ओतून टाकला आणि जीप सुरू केली. कुणाला विचारायला थांबला नाही.

दिंडोरीपर्यंत त्यानं तीनदा विचारलं. मी एवढंच सांगितलं की निरगुडे डॉक्टरांच्या गाडीचे ब्रेक अडकणार आहेत. तो म्हणाला, ते तुम्हाला कसं ठाऊक? मोकाशीला ठाऊक नाही, मला ठाऊक नाही. काल एक गाडी अडकली म्हणून सगळ्याच अडकतील असं थोडंच आहे? मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले होते. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव पळत होते. मी जप करायला गेले तर मंत्राचं पहिलं अक्षरच आठवेना. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मला वाटलं, देवानंच तोंड फिरवलं.

“भाऊ,” मी म्हणाले, “ते मी केलंय.”

आणि मग सांगितलं. खंडेनवमीला आम्ही टेबलावर सगळी हत्यारं मांडली, झेंडूच्या माळा घातल्या, समई लावली. दसऱ्याची सुट्टी संपवून आलो तर समईत वाटीभर तेल उरलेलं. कड्याला लावायचं पातळ औषध ज्या कुपीत असतं ती कुपी समोरच होती. कडं त्यात बुडवल्याशिवाय जागेवर बसत नाही. मी ते देवापुढचं तेल त्या कुपीत ओतलं. मिसळेना, वर तरंगायला लागलं, तेव्हा बोटानं ढवळलं. या कुपीत दुसरं काही जाता कामा नये, हे साहेबांनी शिकवलं होतं. दुसरं म्हणजे ग्रीस, दुसरं म्हणजे डिझेल, असं मी धरून चालले होते. देवापुढचं तेल ‘दुसऱ्या’त मोजायचं हे मनातच आलं नाही. उलट वाटलं, इतक्या तक्रारी येताहेत, आता प्रत्येक चाकाला देवीचा हात लागेल. कुपी संपेपर्यंत सात गाड्या झाल्या.

गायधनीनं गिअर बदलला. जीपचा वेग वाढला.

“काल त्र्यंबक रस्त्याला मी होतो त्या गाडीत,” तो म्हणाला. “सपाट रस्ता होता म्हणून घरी जेवायला गेलो.”

मी डोळे मिटून घेतले.

“आता रडू नका, ताई. डोळे उघडे ठेवा. लाल गाडी दिसली की सांगा.”

नांदुरीला पोहोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. तिथून गडाचा घाट सुरू होतो. नारळवाल्याला विचारलं. तो म्हणाला, हो, विमानासारखी लाल गाडी वर गेली, अर्धा तास झाला असेल, पण वास मारत होती, जळकट. गायधनीनं शिवी गिळली. माझ्याकडे बघून गिळली, हे मला दिसलं.

घाटाची चार वळणं चढलो. एकीकडे कातळ, दुसरीकडे दरी आणि मध्ये गुडघाभर उंचीचा कठडा. प्रत्येक वळणावर मी आधी कठडा बघत होते, तो कुठं तुटलाय का ते. माणूस काय काय बघतो. पाचव्या वळणाच्या वर रस्त्याकडेला ती उभी होती. पण तोंड खाली. डॉक्टरांनी गाडी परत फिरवली होती. दारं बंद होती आणि चाकांतून पांढरी रेघ निघत होती, उदबत्तीच्या धुरासारखी.

“फिरवलीय कशाला यानं?” गायधनी म्हणाला.

नंतर कळलं. चढावर गाडी ओढेना, धूर आला, तेव्हा डॉक्टर थांबले. पंधरा मिनिटांनी चाकं मोकळी झाल्यासारखी वाटली. त्यांना वाटलं, उताराला वारा लागेल, चाकं गार होतील, हळूहळू खाली जाऊ.

आम्ही बघत असतानाच गाडी हलली.

ती हळूच निघाली, लहान मूल जिन्याच्या पहिल्या पायरीवरून उतरावं तशी. आमच्यात शंभर पावलांचं अंतर असेल. समोरच्या काचेतून मला काकू दिसल्या. मांडीवर ओटीचं ताट होतं, त्यात खण आणि नारळ. त्यांनी मला ओळखलं आणि हसून हात वर केला. त्यांच्या शेजारी डॉक्टरांचं तोंड एकदम कागदासारखं झालेलं दिसलं. त्यांनी पाय दाबला असणार आणि तो तळाला गेला असणार. काकू अजून हसत होत्या.

“धरून बसा,” गायधनी म्हणाला.

त्यानं जीप रस्त्याच्या मधोमध घेतली आणि थांबवली नाही, तर मागे मागे उतरवायला लागला. मान मागे वळवून, एक हात माझ्या सीटवर टाकून. लाल गाडी जवळ येत होती आणि आम्ही तिच्यापुढे मागच्या मागे पळत होतो. मला वाटलं, हा घाबरून पळतोय. मग समजलं, तो तिला आपल्या अंगावर घेत होता, अलगद, दोघींचा वेग सारखा करून. आमच्या मागे पाचवं वळण होतं. त्या वळणावरचा कठडा मी येताना नीट पाहिला होता.

खडखड आवाज झाला. लाल गाडीचं नाक जीपला टेकलं. गायधनी आता पुढे तोंड करून ब्रेकवर जवळजवळ उभाच राहिला. डॉक्टर हँडब्रेक उपसत होते. त्यानं ओढ थोडी कमी झाली, पण दोन्ही गाड्या घसरतच राहिल्या. जळलेल्या रबराचा वास माझ्या घशात गेला. मी देवीला हाक मारायला तोंड उघडलं आणि मारली नाही. कोणत्या तोंडानं मारणार? मी माझे दोन्ही पाय जीपच्या पत्र्यावर रोवले, जणू माझ्याच पायांखाली ब्रेक होता, आणि तशीच दाबत राहिले.

थांबलो तेव्हा जीपचं मागचं चाक कठड्यापासून हातभर होतं. मी खाली उतरून मोजलं. हातभरच.

गायधनीनं दोन दगड आणून लाल गाडीच्या चाकांपुढे लावले. डॉक्टर रस्त्यातच बसले. काकूंना मात्र काय झालं ते थोडं उशिरानं समजलं. त्या ताट घेऊन उतरल्या, माझ्याकडे आल्या आणि मी मागे सरायच्या आत माझ्या पायांशी वाकल्या.

“तुमच्या रूपानं देवीच आली हो,” त्या म्हणाल्या.

गायधनी दुसरीकडे बघायला लागला. त्यानं मला वाचवलं असतं. तो काही बोलला नसता, ना तिथं, ना कंपनीत. रबरवाल्यावर खापर फुटलं असतं आणि मी पुढच्या मंगळवारी निर्जळी उपास केला असता. हे सगळं मला त्या एका क्षणात दिसलं, आणि खरं सांगते, ते मला हवंसं वाटलं.

काकूंनी ताटातलं कुंकू चिमटीत घेतलं आणि माझ्या कपाळाशी हात आणला.

मी त्यांचं मनगट धरलं. “काकू, लावू नका. हे माझ्यामुळं झालंय.”

घाटातल्या वाऱ्यात मला सगळं दुसऱ्यांदा सांगावं लागलं. माझा आवाज मुळातच लहान, त्यांनी दोनदा कान पुढे केला. गायधनीला सांगताना मी कारणं दिली होती. त्यांना दिली नाहीत. तेल ओतलं, एवढंच सांगितलं.

त्यांनी हात मागे घेतला. चिमटीतलं कुंकू परत करंड्यात टाकलं, झाकण लावलं. मुलाकडे पाहिलं, तो अजून रस्त्यात बसला होता. मग माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून पेलत नाही. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“किती गाड्यांत घातलंत?”

“सात. एक कंपनीत आहे. ही एक. पाच बाहेर आहेत.”

“त्यांना कळवलंत?”

नाही म्हणून मी मान हलवली. तिथं, त्यांच्यासमोरच, मोकाशी साहेबांना फोन लावला. वळणाच्या टोकाशी रेंज होती. साहेबांना सगळं सांगितलं. मग ते हळू आवाजात म्हणाले की ताई, हे फोनवर बोलू नका. मोठे साहेब मुंबईला आहेत, त्यांना विचारल्याशिवाय एकाही गिऱ्हाइकाला काही सांगायचं नाही. दिवाळी झाली की मोफत तपासणीचं शिबिर ठेवू, त्यात गाड्या आपोआप येतील. ते वाईट माणूस नव्हते. घाबरले होते, माझ्याइतकेच. फोन ठेवून मी ते जसंच्या तसं काकूंना सांगितलं.

“दिवाळीत तर सगळे गाड्या बाहेर काढतात,” काकू म्हणाल्या.

“मी फोन करते त्यांना.”

“फोनवर कोण ऐकतंय? नव्या गाडीची किल्ली कुणी फोनवर देत नसतं, बाई. माझ्या परागनं दिली असती का? दारात जा. मला सांगितलंत तसं सांगा, आणि किल्ली घेऊनच उठा.” त्यांनी ताट कमरेशी धरलं. “मी चालत जाते आता गडावर. देवीला काय सांगायचं ते मी सांगीन. तुम्ही वर येऊ नका. पाचही घरं होईपर्यंत येऊ नका. शब्द द्या.”

मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि शब्द दिला. त्यांचा हात थंडगार होता. त्याही घाबरल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं.

त्या वळण चढून दिसेनाशा झाल्या. लेकरू रस्त्यात बसलेलं, तरी मागे वळून पाहिलं नाही. गायधनीला तिथंच थांबणं भाग होतं, लाल गाडी न्यायला क्रेन येईपर्यंत. त्यानं मला विचारलं, जेवलात का काही? मग स्वतःच म्हणाला, विसरलो, तुमचा उपास. जीपमधून पाण्याची बाटली काढली आणि पुढे धरली.

“आज मोडा, ताई. लांब जायचंय.”

मी घोटभर पाणी प्यायले. घाट चालत उतरायला तास लागला. खाली येणाऱ्या जीप दर्शन झालेल्या बायकांनी भरलेल्या होत्या. एकीनं हात करून जागा आहे म्हटलं, पण मला कुणाशी बोलायचं नव्हतं. नोकरीचं काय होईल, पोलीस येतील का, घरी काय सांगायचं, हे सगळं डोक्यात येत होतं आणि मी ते एकेक करून बाजूला ठेवत होते.

नांदुरीच्या थांब्यावर कळवणहून आलेली एस.टी. उभी होती. मी चढले, खिडकीशी बसले. पत्त्यांचा कागद मांडीवर ठेवून त्यावर तळवा दाबून धरला. पाचांतलं पहिलं घर मनमाडचं होतं. कंडक्टर आला. कुठं, म्हणाला.

“मनमाड,” मी म्हणाले. “एक द्या.”